पोर रात्री किंचाळत उठतं, डोळे उघडे पण आईला ओळखत नाही: नाईट टेरर असेल तर काय करायचं

गणपतीला गावी गेलो होतो त्या वर्षीची गोष्ट. लेक तेव्हा साडेतीन वर्षांची. आदल्या रात्रीचा सगळा प्रवास, मग दिवसभर पाहुणे, आरत्या, दुपारची झोप झालीच नाही, आणि रात्री जेवणं उरकून ती कशीबशी दहाला झोपली. अकराच्या सुमाराला माजघरातून अशी किंकाळी आली की ओटीवर भजनाला बसलेली माणसं उठून आत धावली. पोरगी अंथरुणात ताठ बसलेली, डोळे सताड उघडे, केस घामाने कपाळाला चिकटलेले, आणि "आई, आई" करून ओरडतेय. मी समोरच होते. जवळ घेतलं तर तिने दोन्ही हातांनी मला ढकललं आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत परत "आई" म्हणून हाक मारली. माझ्याच मांडीवर बसून ती मला शोधत होती. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

मग कोणी मोठा दिवा लावला, कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी अंगारा आणला, मी तिला गदागदा हलवलं, आणि आम्ही जेवढं जास्त करत गेलो तेवढी ती जास्त ओरडत गेली. पंधराएक मिनिटांनी अचानक थांबली, जांभई दिली, कुशीवर वळली आणि झोपून गेली. सकाळी उठून मोदक मागितला. तिला काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं आणि घरातली आम्ही मोठी माणसं मात्र रात्रभर जागी.

पुढे जवळजवळ पाच महिने हे चालू होतं. या काळात आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी जे समजावलं, मी जे वाचलं आणि जे घरात करून बघितलं ते सगळं इथे लिहितेय, कारण पहिल्या रात्री मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

हे नेमकं होतं काय

मूल झोपलं की पहिल्या एक ते तीन तासांत त्याची सगळ्यात गाढ झोप असते, उचलून दुसऱ्या खोलीत नेलं तरी जागं होणार नाही अशी. या गाढ झोपेतून मेंदू हलक्या झोपेत येत असतो तेव्हा कधी कधी गडबड होते आणि मेंदू अर्धाच जागा होतो, यालाच नाईट टेरर म्हणतात. हातपाय हलवणारा, ओरडायला लावणारा, छाती धडधडवणारा भाग जागा, आणि माणसं ओळखणारा, लक्षात ठेवणारा भाग अजून झोपेतच. म्हणून डोळे उघडे असतात पण बघत काहीच नसतात, बाहुल्या मोठ्या झालेल्या, श्वास जोरात, अंग घामेजलेलं. बहुतेक वेळा हे काही मिनिटांत संपतं, दहा-पंधरा मिनिटं खूप झाली, क्वचित अर्धा तास चालतं.

म्हणजे आपल्याला जी भीती दिसते ती मूल आपण समजतो तशी अनुभवत नसतं, त्या वेळी ते झोपलेलंच असतं. मला हे कळलं तेव्हा अर्धं टेन्शन गेलं.

तीन ते सात वर्षांच्या मुलांत हे दिसतं असं सहसा सांगतात, पण त्याच्या आधीही बरंच होतं. कॅनडातल्या क्युबेकमध्ये मुलांना जन्मापासून वर्षानुवर्षं बघत केलेला एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात दीड वर्षाच्या वयाला साधारण ३४ टक्के मुलांना हा त्रास होता, पाचव्या वर्षी १३ टक्क्यांच्या आसपास आणि तेराव्या वर्षी ५ टक्के. म्हणजे आपलंच मूल वेगळं आहे असं अजिबात नाही, आणि वयाबरोबर हे कमी होत जातं. त्याच अभ्यासात झोपेत चालण्याचा आईवडिलांशी संबंधही दिसला, दोघांपैकी कोणी लहानपणी झोपेत चालत असेल तर मुलात ते जास्त. नाईट टेरर आणि झोपेत चालणं ही एकाच घरातली भावंडं आहेत. आमच्याकडे विचारलं तर आत्याबाईंनी लगेच सांगितलं की माझा नवरा लहानपणी रात्री उठून गोठ्यापर्यंत चालत जायचा. तुम्हीही घरातल्या मोठ्यांना एकदा विचारून बघा.

वाईट स्वप्न, नाईट टेरर की फिट?

हे आधी ओळखायला हवं कारण तिन्हीत करायचं वेगवेगळं आहे.

वाईट स्वप्न शक्यतो पहाटेकडे पडतं. मूल पूर्ण जागं होतं, तुम्हाला ओळखतं, कुशीत शिरतं, "वाघ आला होता" असं काहीतरी सांगतं आणि परत झोपायला घाबरतं. तिथे जवळ घ्यायचं, थोपटायचं, बोलायचं. नाईट टेरर रात्रीच्या पहिल्या भागात येतो, मूल ओळखत नाही, जवळ घेतलं की उलट ढकलतं, मग एकदम झोपतं आणि सकाळी पाटी कोरी.

फिटचं वेगळं. अंग कडक होणं, हातपाय एका लयीत झटके देणं, तोंडातून फेस, ओठ निळसर पडणं, जीभ चावली जाणं. आणखी एक प्रकार असतो तो पटकन लक्षात येत नाही: दर वेळी हुबेहूब तीच हालचाल, काही सेकंद ते एक-दोन मिनिटं, आणि एका रात्रीत अनेकदा, रात्रीच्या कुठल्याही वेळी. असं वाटलं तर पुढचं वाचत बसू नका, आधी डॉक्टर. झटके येत असतील तर मुलाला एका कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, वेळ बघा, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन.

प्रत्यक्ष त्या वेळी काय करायचं

पहिली गोष्ट, घड्याळ बघा. मोबाईलवर वेळ बघून मनात नोंदवा. याचा पुढे फार उपयोग आहे आणि शिवाय तेवढ्याने आपणही जरा भानावर येतो.

मोठा दिवा लावू नका, झिरोचा बल्ब किंवा बाहेरच्या खोलीतला उजेड पुरे. खोलीत एकच माणूस थांबू दे, बाकीच्यांनी बाहेर जायचं. चार जण चार बाजूंनी "काय झालं बाळा" करायला लागले की ते अर्धवट जागं झालेलं डोकं आणखी बिथरतं.

मग मुलापासून हातभर अंतरावर बसा. धरून ठेवू नका, मिठी मारून दाबू नका. आईच्या जिवाला हे सगळ्यात अवघड जातं, मला माहितीये, पण बांधून ठेवल्यासारखं झालं की ते जास्त झटापट करतं आणि लागूनही घेतं. हात फक्त कडेने असू दे, भिंत किंवा पलंगाच्या कडेकडे निघालं तर मध्ये आपला तळहात किंवा उशी. उठून चालायला लागलं तर अडवू नका, बरोबर चाला आणि खांद्याला हलकं वळण देत परत गादीकडे आणा. काही मुलांना पाठीवर हळू हात फिरवलेला चालतो, काहींना अजिबात नाही, ते एक-दोन वेळात कळतंच. माझ्या लेकीला हात चालायचा नाही पण मी खालच्या आवाजात तेच तेच एक वाक्य म्हणायचे, "आई इथे आहे, झोप", ते चालायचं. प्रश्न मात्र विचारायचे नाहीत, उत्तर द्यायला कोणी जागं नसतं.

जागं करायचा प्रयत्न करू नका. जागं केलं तर काही भयंकर होतं असं नाही, पण जागं होतच नाही आणि त्या खटपटीत सगळं लांबतं, आणि झालंच जागं तर गोंधळून खरंखुरं घाबरतं. पाणी मारणं, हलवणं, गालावर चापट मारणं, ओरडणं हे सगळं पूर्ण बंद. पाणी पाजायचाही हट्ट नको, अशा अवस्थेत ठसका लागू शकतो.

संपलं की कळतं. श्वास खाली येतो, अंग सैल पडतं, बहुतेक वेळा जांभई येते. तेव्हा हळूच आडवं करा, घामाने कपडे फारच ओले असतील तरच बदला, आणि पाच मिनिटं बसून राहा.

आणि सकाळी त्याला काही विचारू नका. "काल रात्री कसला ओरडत होतास रे" हे घरातल्या प्रत्येकाने विचारलं की ज्याला काहीच आठवत नाही ते मूल झोपायलाच घाबरायला लागतं. पाहुण्यांसमोर त्याची नक्कल करून दाखवणं तर मुळीच नको. मोठं भावंड त्याच खोलीत झोपत असेल तर मात्र त्याला दिवसा नीट समजावून सांगा, कारण खरी घाबरतात ती ही मोठी मुलं.

घर आधी सुरक्षित करा

या वेळी मुलाच्या अंगात कुठून ताकद येते कळत नाही, आणि काही मुलं पळत सुटतात. म्हणून गादी जमिनीवर घाला, डबल-डेकर पलंगावर तर वर झोपवूच नका. गादीजवळ लोखंडी कपाटाचा कोपरा, टेबल फॅन, पेटलेली मच्छर कॉइल, काचेचा तांब्या-पेला नको. फ्लॅटमध्ये गॅलरीच्या दाराला वरची कडी लावा जिथे त्याचा हात पोचणार नाही, खिडकीला ग्रील आहे का बघा, सेफ्टी डोअर आतून बंद. गावाकडे असाल तर जिना, आड, हौद, मागचं दार. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायची पद्धत आहे अनेक घरांत, पण ज्या मुलाला हा त्रास आहे त्याला कठड्याच्या गच्चीवर झोपवू नका, कठडा उंच असला तरी नको.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही म्हणून इथे थांबून लिहिते. गळ्यातला काळा दोरा, ताईत, सोन्याची चेन. झोपेत झटापट करणाऱ्या मुलाच्या गळ्यात घट्ट काही असणं धोक्याचं आहे, कशात अडकलं तर फास बसू शकतो. आणि उशीखाली सुरी, कात्री, विळा ठेवायची जी पद्धत आहे ती या मुलांच्या बाबतीत सरळ बंद करा. एका रात्री मी लेकीची उशी उचलली तर खाली अडकित्ता होता, सासूबाईंनी मायेने ठेवलेला, आणि आदल्याच रात्री ती त्याच उशीवर डोकं आपटत होती.

कालनिर्णयवर वेळ लिहा

दोन आठवडे फक्त नोंद ठेवा, बाकी काही बदलायची घाई नको. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यात मी दुधाचे खाडे लिहिते, त्याच चौकोनात लिहायला लागले: दुपारी झोपली का, रात्री डोळा कधी लागला, किंचाळली कधी, किती मिनिटं. आणि त्या दिवशी काही वेगळं होतं का, म्हणजे ताप, प्रवास, लग्न, बाहेर जेवण, घरात भांडण. दोन आठवड्यांनी महिन्याचं पान बघितलं तर सगळं समोर. ९.३० ला झोपली, १०.५०. पुढे ९.२५ ला, १०.४५. मध्ये चार रात्री काहीच नाही आणि त्या चारही दिवसांपुढे "दुपारी दीड तास" लिहिलेलं. जिथे जिथे "दुपारी नाही" त्या जवळजवळ प्रत्येक रात्री किंचाळणं. मी त्या पानाकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिले. तोपर्यंत मी समजत होते की तिने काहीतरी भयंकर बघितलंय.

झोप भरून काढा, बाकी सगळं नंतर

यावर सगळ्यात जास्त जोर देते कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. झोप अपुरी राहिली की त्या रात्री शरीर जास्तच गाढ झोपतं आणि त्यातून नीट वर येताना गडबड व्हायची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये जे तास सांगितलेत ते दुपारच्या झोपेसकट असे आहेत: एक ते दोन वर्षांना ११ ते १४ तास, तीन ते पाचला १० ते १३, सहा ते बाराला ९ ते १२. आता आपल्या घरातला हिशोब करून बघा. शाळेची व्हॅन सव्वासातला, म्हणजे साडेसहाला उठवायचं, चार वर्षांच्या मुलाला अकरा तास धरले आणि दुपारी एक तास झोपलं तर रात्री साडेआठला डोळा लागायला हवा. आणि आपल्याकडे साडेआठला कुकर लागतो.

तीन ते पाच या वयात शाळा सुरू होते आणि दुपारची झोप तुटते, आणि त्या वयात हा त्रास अनेक मुलांना असतो. म्हणून पहिलं काम, दुपारची झोप परत आणा. झोप नाही आली तरी तासभर पडदा ओढून आडवं होणं, टीव्ही बंद. अगदीच झोपत नसेल तर रात्रीची झोप पुढे आणा, पण एकदम तासभर नाही, दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं. मुलाला सात-साडेसातला जेवू घाला, मोठ्यांचं जेवण नंतर. आमच्या घरात यावरून बरीच कुरबुर झाली, "एकत्र जेवायची पद्धत आहे आपल्याकडे" वगैरे, ते बरोबरही आहे, पण मी सांगितलं की रविवारी एकत्र, बाकी दिवस तिला आधी. आणि बाबा नऊला घरी आले की मुलाला उचलून उडवायचं, गुदगुल्या करायच्या, हा खेळ सकाळी करा प्लीज. आमच्याकडे बाबाने सकाळची अंघोळ आणि तयारी स्वतःकडे घेतली, दोघांचा वेळही झाला आणि रात्रही शांत झाली.

वन रूम किचनमध्ये हे कसं जमवायचं, हा प्रश्न खरा आहे. सगळे एकाच खोलीत, टीव्ही तिथेच, सासरे बातम्या बघणार. तिथे निदान पहिला दीड-दोन तास, म्हणजे ज्या वेळात हे होतं तोपर्यंत, टीव्हीचा आवाज कमी किंवा कानात इअरफोन, आणि मुलाच्या बाजूला दोरीवर चादर टाकून आडोसा. आवाजाने, उजेडाने झोप चाळवली तर त्यातूनच हे सुरू होऊ शकतं. झोपायच्या आधी सू करायला लावा, भरलेली लघवीची पिशवीसुद्धा कारण ठरते. अंगावर जाड कपडे नकोत, उन्हाळ्यात तर नाहीच. झोपायच्या आधी तासभर मोबाईल नको. आणि चहा-कॉफी, कोला मुलांना मुळात देऊच नका.

शाळेबद्दल एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, कारण मुलांची झोप होत नाही हेच होतं. तुमच्या मुलाची शाळा अजून लवकर भरत असेल तर पालक सभेत हा मुद्दा जरूर काढा, एकट्याने नाही, चार पालक मिळून.

ताप आला की त्या रात्री हे होण्याची शक्यता धरूनच चाला. तापाचं औषध डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेलं तेवढंच द्या आणि त्या रात्री मुलाजवळच झोपा.

ठरलेल्या वेळी होत असेल तर आधीच उठवा

झोप भरूनही थांबलं नाही आणि कालनिर्णयवर वेळ साधारण ठरलेली दिसतेय, तर ही पद्धत करून बघा. ब्रायन लास्क नावाच्या ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञांनी १९८८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ही लिहिली होती आणि अजूनही डॉक्टर हीच सांगतात. किंचाळण्याच्या नेहमीच्या वेळेआधी १५ मिनिटं ते अर्धा तास मुलाला हळूच उठवायचं. आमचं १०.५० असायचं, मी १०.२५ चा अलार्म व्हायब्रेटवर लावून उशीखाली ठेवायचे. खांद्याला हात लावायचा, नावाने हाक मारायची, ती "हं" म्हणेपर्यंत, डोळे उघडून माझ्याकडे बघेपर्यंत. मग उचलून बाथरूमला न्यायचं, एक घोट पाणी, आणि परत झोप. पाच मिनिटांचं काम. पूर्ण खडखडीत जागं करायची गरज नाही, पण तुम्हाला ओळखण्याइतकं जागं व्हायला हवं.

हे रोज करायचं, न चुकता, दोन ते चार आठवडे. एक दिवस आड केलं तर कळणारच नाही की फरक कशाने पडला. उठवतानाच किंचाळणं सुरू झालं तर समजा की उशीर झाला, दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं आधी उठवा. आमचं तिसऱ्या रात्री तसंच झालं, मग १०.१० केलं आणि जमलं. तीन आठवड्यांनी अलार्म बंद केला, महिनाभर काही नाही, मग एका लग्नानंतर परत दोनदा झालं, तेव्हा पुन्हा आठवडाभर केलं. परत आलं म्हणून खचून जाऊ नका, हे असं येतं-जातं.

वेळ ठरलेली नसेल किंवा पंधरा दिवसांतून एखाद्याच वेळी होत असेल तर ही पद्धत करू नका, उगाच मुलाची झोप मोडेल.

दृष्ट, अंगारा आणि बाहेरचं

यावर घराघरांत भांडणं होतात म्हणून स्पष्ट लिहिते. सासूबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली त्याला मी कधी विरोध केला नाही, त्यांचाही जीव तुटत होता आणि त्यांना तेवढंच करता येत होतं. पण दोन अटी घातल्या: संध्याकाळी करायचं, किंचाळत असताना नाही, आणि मिरच्यांचा धूर मुलीजवळ नको. त्यांनी ऐकलं.

याच्या पुढे मात्र जाऊ नका. पोराला कोणा बुवाकडे नेणं, "बाहेरची बाधा आहे" म्हणून मारणं, चटके देणं, उपाशी ठेवणं, हे मुलावर अत्याचार आहेत. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चटके हा आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि हे प्रकार आपोआप कमी होणारे असल्यामुळे कोणीही काहीही केलं तरी काही काळाने फरक दिसतो आणि श्रेय त्या बुवाला जातं, हेही लक्षात ठेवा.

झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून द्यायची पद्धत आहे. प्रमाण चुकलं तर जायफळाने विषबाधा होते, लहान मुलाला अंदाजाने देऊ नका. सर्दीचं गुंगी येणारं सिरप, ऑनलाइन मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्या-गमीज, हेही स्वतःच्या मनाने नको. औषधाची गरज बहुतेक मुलांना लागतच नाही, फारच तीव्र असेल, मूल स्वतःला इजा करून घेत असेल तर तज्ज्ञ थोड्या दिवसांसाठी देतात, तो निर्णय त्यांचा.

डॉक्टरकडे कधी आणि काय घेऊन जायचं

आठवड्यातून दोन-तीनदा होतंय, किंवा एका रात्रीत एकापेक्षा जास्त वेळा, अर्ध्या तासाहून जास्त चालतंय, मुलाला लागतंय, दिवसाही पेंगतंय, किंवा वर लिहिलेली फिटसारखी लक्षणं, तर थांबू नका. मोठ्या मुलात, म्हणजे बारा-तेरा वर्षांनंतर पहिल्यांदाच सुरू झालं तरी दाखवा. दिवसा एखाद्या माणसाला किंवा जागेला घाबरतंय, गप्प झालंय, तर ते वेगळं आणि गंभीर आहे, तेही डॉक्टरांना सांगा.

दोन गोष्टी आवर्जून विचारा कारण त्या राहून जातात. एक, घोरणं. मूल रोज घोरतं, तोंडाने श्वास घेतं, झोपेत मधेच श्वास थांबल्यासारखा होतो, तर टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची ग्रंथी) तपासून घ्या. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे झोपतज्ज्ञ क्रिस्टियन गिलमिनो यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं होतं की झोपेतल्या श्वासाचा अडथळा दूर झाला तेव्हा त्या मुलांचे झोपेत चालणं-किंचाळणं हे प्रकारही थांबले. दुसरं, लोह. रात्री पाय सारखे हलवतं, "पाय दुखतात, चेप" म्हणतं, तर रक्तातलं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो) तपासायचं का ते विचारा, कारण लोह कमी असलं की पायांची ही अस्वस्थता वाढते आणि झोप तुटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रात पाच वर्षांखालची जवळजवळ ६९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली, त्यामुळे ही तपासणी वाया जात नाही. लोहाचं टॉनिक मात्र तपासल्याशिवाय सुरू करू नका.

जाताना कालनिर्णयचं ते पान आणि मोबाईलवरचा एखादा व्हिडिओ न्या. फ्लॅश न लावता, मोबाईल कडेला टेकवून, आणि सुरुवात सापडली तर उत्तम. आमच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं व्हिडिओ बघितला आणि तिथल्या तिथे सांगितलं. तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर मात्र टाकू नका, तुमच्या मुलाची ती सगळ्यात असहाय वेळ आहे.

आणि तुमचं स्वतःचं. रोज रात्री त्या किंकाळीची वाट बघत पडून राहिलं की माणूस आतून संपतो, माझं तसं झालं होतं. पाळी लावून घ्या, एक रात्र तुम्ही, एक रात्र नवरा, आणि ज्याची पाळी नाही त्याने खरंच दुसऱ्या खोलीत झोपायचं. फारच झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे, मराठीत बोलतात. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटतं पोराला मारतायत.

मूल आजोळी किंवा कोणाकडे राहायला जाणार असेल तर चिठ्ठी लिहून द्या. तोंडी सांगितलेलं ऐन वेळी कोणाला आठवत नाही. माझ्या आईच्या फ्रिजवर अजून लावलेली आहे ती इथे देते, हवी तर उतरवून घ्या:

"दुपारी तासभर झोपवा. साडेसातला जेवण, साडेआठला झोप, आधी सू. गादी खाली घाला. गॅलरीची वरची कडी लावा. रात्री दहा-अकराला किंचाळून उठेल, डोळे उघडे असतील पण ती झोपेतच असते. मोठा दिवा नको, पाणी नको, हलवू नका, उचलू नका. जवळ एकट्यानेच बसा, पडू देऊ नका. दहा मिनिटांत आपोआप झोपेल. अंग कडक झालं, झटके आले तर लगेच डॉक्टर आणि मला फोन. सकाळी काही विचारू नका. उठल्या उठल्या तिला भूक लागते, पोहे करून ठेवा."